आत्याला आलेला शरणपूरचा मेसेज

काल रात्री आत्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, 'आपल्या शरणपूरबद्दल हे खरं आहे का रे?' आत्याची शाळेपासूनची मैत्रीण नाशिकच्या शरणपुरात, त्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत राहते, दोघींचं अजून येणंजाणं आहे. तिच्याकडे आता संशयाने बघायचं का, असा त्या प्रश्नाचा अर्थ होता. म्हणून सविस्तर लिहितोय.

मेसेज म्हणतो: मिशनऱ्यांना इंग्रज सरकारनेच बोलावलं, जमिनी फुकट वाटल्या, परदेशी मिशनच्या मालमत्तेला एकदाही हात लावला नाही, आणि शरणपूर ही बाहेरून आणलेल्यांची वस्ती.

बोलावलं कुठे? कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. अमेरिकेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईत आले, तर त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. मिशनऱ्यांना परवान्यावर येऊ देणारा नवा सनदी कायदा त्याच वर्षी आला म्हणून ते टिकले. परवान्याची अट तर 1833 पर्यंत होती. हाच हॉल 1826 मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या फेरीवरून परतताना पटकीने वारला.

जमिनी आणि पैसा. सवलती मिळाल्या, हे नाकारत नाही. 1854 च्या शिक्षणाबद्दलच्या सरकारी धोरणानंतर, म्हणजे वुडच्या खलित्यानंतर, मिशनच्या शाळांना अनुदानही मिळालं. पण ते अनुदान इतरांच्या शाळांनाही खुलं होतं, हे मेसेजवाल्याने गाळलं.

'एकदाही हात लावला नाही' हे मात्र धडधडीत खोटं आहे. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन पाद्र्यांना शत्रू ठरवून कैदेत टाकलं. कुठे? आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, अहमदनगरच्या छावणीत. मंगलोरी कौलांचे कारखाने काढणारं बासेल मिशन मुळात स्वित्झर्लंडच्या गावचं, पण त्यात जर्मन माणसं पुष्कळ; तेही सुटलं नाही. त्याचे कारखाने आणि व्यापार सरकारने काढून घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या नव्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. ज्याला शंका असेल त्याने 1919 च्या व्हर्साय तहाचं कलम 438 वाचावं. जर्मन मिशनांची मालमत्ता सरकारने नेमलेल्या किंवा मंजूर केलेल्या विश्वस्तांकडे जाईल आणि जर्मनी त्यावरचे हक्क सोडेल, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. विश्वस्त त्याच ख्रिस्ती पंथाचे असावेत, अशी अटही आहे. म्हणजे मालमत्ता धर्मकार्यातच राहिली, एवढं मेसेजवाल्याला देतो. पण मालक कोण, हे सरकारच ठरवत होतं.

राहिलं शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी 1850 च्या दशकात ते वसवलं. घरच्यांनी टाकलेल्या इथल्याच नवख्रिस्ती माणसांना तिथे आसरा मिळाला; नावातच शरण आहे. बाहेरून आणलेली मुलंही होती, हे खरं. ती आफ्रिकेची मुलं. गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आणि सरकारने मिशनच्या हाती दिलेली. त्यांतलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या प्रसिद्ध संशोधक-मिशनरी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत घेऊन गेला. नाशिकला शिकलेली यांतली बरीच मंडळी पुढे परत गेली आणि 1875 मध्ये आजच्या केनियात, मोंबासाजवळ, फ्रेअरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली. गुलामीतून सुटलेल्या लेकरांना घुसखोर म्हणायला जीभ कशी रेटते?

आत्याने सकाळी मेसेज काढून टाकला. तिला ज्याने पाठवला, त्याने निदान कलम 438 वाचून मग मला फोन करावा.