मासा पाळायचाय? आधी टीपॉय मोजा

मासा पाळायचं ठरवलंत, उत्तम केलंत. कुत्र्याला फिरवून आणावं लागतं, मांजराचे केस सोफ्याला चिकटतात, पोपट पाहुण्यांसमोर नको ते बोलतो. मासा गप्प असतो, आणि जो गप्प असतो त्याचं सगळं छान चाललेलं असतं, हे आपण घराघरांत मानत आलोच आहोत.

पहिला प्रश्न टाकीच्या आकाराचा. काही हौशी मंडळी इथे माशापासून सुरुवात करतात: तो केवढा होणार, किती पोहतो, वगैरे. तुम्ही टीपॉयपासून करा. टीव्ही आणि खिडकी यांच्यामध्ये जी सव्वा फुटाची जागा उरलीय, ती टेपने मोजा आणि तेवढ्यात बसेल ते घ्या. बहुधा काचेचा गोल बाउलच बसतो. तो काठोकाठ भरा. वरचं तोंड निमुळतं असल्यामुळे पाण्याचा उघडा भाग आमटीच्या वाटीएवढा राहतो, आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो तो तेवढ्यातूनच. त्यात मे महिना असेल तर तापलेल्या पाण्यात तो आणखी कमी विरघळतो. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला की मुलांना दाखवा, ‘बघ, तुझ्याशी बोलतोय!’ बोलत असतो हे खरंच. काय बोलतो ते पोरांना न कळलेलं बरं.

इटलीत मोंझा गावाने २००४ मध्ये आणि पाठोपाठ २००५ मध्ये रोमने असल्या गोल भांड्यांत मासे ठेवायला बंदी घातली. त्यांच्या नगरपालिकांना वेळ आहे. आपल्याकडे खड्डे आहेत.

बाउलमध्ये अर्थातच गोल्डफिश. दुकानात तो दीड इंचाचा असतो. नीट सांभाळला तर वीतभर होतो, साधा लांबट जातीचा फूटभरसुद्धा, आणि दहा-पंधरा वर्षं आरामात जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला गोल्डफिश ४३ वर्षं जगून १९९९ मध्ये गेला. विचार करा, त्रेचाळीस वर्षं! दोनदा घर बदला, मुलांची लग्नं लावा, रिटायर व्हा, आणि माशाचं पाणी बदलणं चालूच. त्यापेक्षा बाउल बरा. गणपतीत आणलेला मासा नवरात्रापर्यंत आपणहून मोकळा होतो.

दुकानदार सांगेल, ‘टाकीच्या मापानेच मासा वाढतो, साहेब.’ लगेच विश्वास ठेवा. पोराला पाचवीचाच गणवेश घालत राहिलं की पोरगं पाचवीतच राहतं, त्यातलाच हा हिशोब. अपुऱ्या जागेत, घाण पाण्यात मासा खुंटतो हे खरं आहे, कधी पाठीत वाकतो, आणि लवकर मरतो. माप मात्र टीपॉयच्या बाहेर जात नाही. त्याची तीन सेकंदांची स्मरणशक्ती वगैरे ऐकलं असेल, तेही धरून ठेवा. महिन्यांपूर्वी शिकवलेलं गोल्डफिशच्या लक्षात राहतं, असं प्रयोगांत दिसलंय, पण तुम्ही कुठे त्याला काही शिकवणार आहात?

बाउल अगदीच गरिबीचा वाटत असेल तर दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी आणा. हिशोबाने छप्पन लिटर. तळाला निळे-गुलाबी दगड, एक प्लॅस्टिकचा किल्ला आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या बसवला की पन्नासच्या आत. मग कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जा आणि हात आखडता घेऊ नका. गोल्डफिशची जोडी, दोन ऑस्कर, चार ‘शार्क’, आणि टाकी साफ करायला एक सकर. ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, हा त्याचा स्वभाव. आपण कशाला बदलायला जा? शार्क म्हणून देतात ते बोटाएवढं चंदेरी पिल्लू बहुतेकदा पांगस असतं. हॉटेलात बासा म्हणून जो येतो, त्याच्याच कुळातलं. ते मीटरभर वाढतं. म्हणजे टाकीत आडवं राहायचं असेल तर त्याला घडी घालावी लागेल.

आता पाण्याचं शास्त्र, ते एकदा ऐका आणि सोडून द्या. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. पाणी जितकं कमी, तितकं विष झटपट साचतं. मोठी टाकी लागते ती मुख्यतः यासाठी. आणि हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. पण चिंटूचा वाढदिवस रविवारी आहे. तेव्हा सकाळी टाकी, दुपारी पाणी, संध्याकाळी मासे. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं की सगळं ओतून द्या आणि स्पंज नळाखाली धरून खसाखसा धुवा. चार जिवाणू जमले असतील तर तेही क्लोरिनने जातील, टाकी मात्र शोरूममधल्यासारखी दिसेल. मासे आडवे होऊ लागले तर दुकानात निळं औषध मिळतं. त्याने नाही झालं तर पिवळं.

वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टला फायटर द्यायची पद्धत निघालीय, ती चुकवू नका. झाकणाच्या डबीत एकेक. हा मासा वरची हवाही घेतो, म्हणून त्याला पेलाभर पाणी पुरतं असं म्हणतात. मूळचा तो थायलंडकडच्या भातखाचरांतला. खाचर उथळ असतं एवढं खरं. ते एकरभर असतं, हे डबीवर छापलेलं नसतं.

वास्तूसाठी पाळत असाल तर प्रश्नच मिटला. आठ सोनेरी आणि एक काळा, ईशान्येला. नऊ गोल्डफिश, छप्पन लिटर. यातला एक गेला तर हळहळायचं नाही, कारण घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं असं शास्त्र सांगतं. कुठलं शास्त्र ते विचारू नका. म्हणजे टाकी जितकी लहान, तितकी संकटं भराभर टळणार. काही घरांत आठवड्याला दोन-दोन टळतात.

शेवटी उरतो तो सकर. हवा गिळून तगणारा चिवट प्राणी, सगळे गेले तरी तळाला चिकटून असतो. पण एकटा काळा सकर काही टीपॉयची शोभा नाही. मारायचं पाप नको, म्हणून पिशवीत घालून नदीत सोडा, हात जोडा, पुण्य घ्या. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता उजनीच्या जलाशयात भरपूर झालाय. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला कुणी विचारत नाही, मच्छीमार तो काढून काठावर फेकतात. तिथे दीड-दीड फुटाचे सकर सापडतात असं कळलं तर कौतुक वाटू द्या. तुमच्याकडे होता तेव्हा चार इंचांच्या वर गेला नव्हता.