डॉजर्सच जिंकणार, मग सिएटलकडे बघायचं कशाला?

2025 च्या नोव्हेंबरपासून एकच मजकूर या ना त्या तोंडून ऐकतोय. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिका, पैशाच्या जोरावर विकत घेतल्या. सिएटल मॅरिनर्स 49 हंगामांत एकदाही वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले नाहीत. 2025 मध्ये लॉटरी लागली होती, तीही त्यांनी घालवली. तेव्हा 2026 कडून आशा ठेवणारा माणूस वेडा.

तो वेडा मी. सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूला सात वर्षं काढली, आता पुण्यात असतो. सिएटलचा संध्याकाळचा सामना इथे सकाळी पावणेआठच्या सुमारास चहाबरोबर सुरू होतो. वेडेपणा कबूल आहे, पण वरची कारणं मात्र एकेक करून तपासावीत अशीच आहेत.

आधी पैसा, कारण सगळी भिस्त त्यावरच आहे. डॉजर्सनी खेळाडूंना कबूल केलेले पैसे बघा: ओहतानीला 10 वर्षांचे 70 कोटी डॉलर आणि यामामोटोला 12 वर्षांचे साडेबत्तीस कोटी. हे आकडे बघून कुणाचंही डोकं फिरेल. पैशाने काही मिळत नाही असं मी म्हणणार नाही. डॉजर्स 2013 पासून दरवर्षी प्लेऑफमध्ये आहेत, ते पैशाशिवाय झालेलं नाही. पण त्या 13 वर्षांत जेतेपदं किती? तीन. आणि पैसाच जिंकत असेल तर न्यूयॉर्क मेट्सचं काय करायचं? त्यांनी ह्वान सोटोला 15 वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलर कबूल केले आणि 2025 मध्ये 83 सामने जिंकून प्लेऑफच्या दारातूनच परत फिरले.

आपल्याकडचे लोक यावर म्हणतात की बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी पगाराला मर्यादा नाही, म्हणून तिथे श्रीमंतांचीच मक्तेदारी. मग मोजून बघू. 2001 ते 2025 या 25 हंगामांत वर्ल्ड सिरीज 16 वेगवेगळ्या संघांनी जिंकली. आयपीएलच्या 2008 ते 2025 या 18 हंगामांत विजेते आठ, आणि त्यातली दहा जेतेपदं मुंबई आणि चेन्नई या दोघांच्याच घरात. आयपीएलमध्ये संघ कमी आहेत, तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. पण मर्यादा नाही म्हणून मक्तेदारी, हे गणित काही जुळत नाही.

न जुळण्याचं कारण खेळाच्या घडणीतच आहे. सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, साधारण पाचव्या दिवशी पुन्हा उभा राहतो. म्हणजे सोमवारचा संघ आणि मंगळवारचा संघ नावाला एक. चेंडू टाकणारा हात वेगळा, म्हणून ताकदही वेगळी. 2025 मध्ये सगळ्यात जास्त सामने जिंकले ते मिलवॉकीने, 97. पण याचा अर्थ हाच संघ 65 वेळा हरलाही. डॉजर्सचे विजय 93. त्या हंगामात मिलवॉकी डॉजर्सशी सहा वेळा खेळलं आणि सहाही सामने जिंकलं. पुढे प्लेऑफमध्ये हेच दोघे भिडले तर डॉजर्सनी चार-शून्य असा फडशा पाडला. जुलैत मिलवॉकी बलाढ्य होतं आणि ऑक्टोबरमध्ये दुबळं झालं, असं काही घडलं नव्हतं. छोट्या मालिकेत कौल कुठेही लागू शकतो, एवढंच.

खुद्द 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामनाच बघा. टोरांटो जेतेपदापासून दोन आउट दूर असताना होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारून बरोबरी केली ती ओहतानीने नाही, तर 36 वर्षांच्या मिगेल रोहासने. बड्या नावांपुढे त्याचा पगार म्हणजे चिल्लर. त्याच नवव्या इनिंगमध्ये (एरवी सामना इथेच संपतो) नंतर टोरांटोचा धावणारा होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, काही इंचांनी आउट झाला, नाहीतर आज ‘डॉजर्सनी विकत घेतलं’ हे वाक्यच जन्माला आलं नसतं.

दुसरा मुद्दा मॅरिनर्सच्या 49 हंगामांच्या दुष्काळाचा, ज्याला लोक शाप म्हणतात. मॅरिनर्सनी 2001 मध्ये 116 सामने जिंकून एका हंगामातल्या विजयांच्या विक्रमाची बरोबरी केली आणि यांकीजकडून पाच सामन्यांत हरले. मग 2022 उजाडेपर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. फेलिक्स हर्नांडेझसारखा पिचर 2005 ते 2019 राबला, 2012 मध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही पहिल्या टप्प्यापर्यंत पोचू दिलं नाही, पण त्याला प्लेऑफचा एक चेंडू टाकायला मिळाला नाही. हे सगळं खरं आहे आणि मला अजूनही लागतं. पण याला शाप म्हणणं म्हणजे जबाबदार माणसांना मोकळं सोडणं आहे. 2008 मध्ये एरिक बेडार्ड या एका पिचरसाठी अ‍ॅडम जोन्स आणि क्रिस टिलमन यांच्यासह पाच खेळाडू बाल्टिमोरला देऊन टाकले. असले व्यवहार झाले की दुष्काळ पडतोच. त्याला शनीची साडेसाती लागत नाही; नाहीतरी ती साडेसात वर्षांत सुटते, आमची वीस वर्षं चालली.

आताचा संघ घरच्या बियाण्यावर उभा आहे. राली आणि गिल्बर्ट, कर्बी, वू, मिलर हे चार पिचर, सगळे मॅरिनर्सनी स्वतः ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या निवडीतून, घेतलेले. वू तर सहाव्या फेरीत. हुलिओ रॉड्रिगेझला डॉमिनिकन रिपब्लिकमधून पोरवयात आणला. 2025 मध्ये त्याचे होमरन 32 आणि चोरलेले बेस, म्हणजे पिचरची नजर चुकवून पळत गाठलेले टप्पे, 30.

आता ‘लॉटरी लागली’ या मुद्द्याकडे. कॅल राली हा कॅचर, म्हणजे रात्रभर उकिडवा बसून चेंडू झेलणारा माणूस, 60 होमरन मारतो हे पुन्हा होणार नाही, असं म्हणतात. बहुतेक नाहीच होणार. कॅचरचा आधीचा विक्रम 48 चा होता, केन ग्रिफी ज्युनियरही सिएटलसाठी 56 च्या पुढे गेला नाही. पण रालीचे आधीच्या तीन हंगामांतले आकडे 27, 30, 34. हा आकाशातून पडलेला माणूस नाही. यंदा 40 मारले तरी मी पेढे वाटेन.

आणि नशिबाचीच भाषा करायची तर दुसरी बाजूही बघा. 2025 मध्ये गिल्बर्ट, कर्बी आणि मिलर तिघेही दुखापतीने बरेच दिवस बाहेर होते. वू ऐन प्लेऑफच्या तोंडावर जायबंदी. एवढं होऊनही 90 विजय मिळवले, सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला त्यांच्याच घरी तिन्ही सामन्यांत लोळवलं आणि 2001 नंतर पहिल्यांदा लीगमधला आपला विभाग जिंकला. याला लॉटरी म्हणत असाल तर तिकिटं बरीच फाटकी होती.

आमचा फटकेबाज पोलान्को न्यूयॉर्कला गेला, हे नुकसान आहे; 2025 च्या प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्ध पंधराव्या इनिंगचा विजयी फटका त्याचाच होता. पण जॉश नेलर पाच वर्षांसाठी राहिला. पळायला तो बैलगाडी, तरी सिएटलकडून 54 सामन्यांत 19 बेस चोरले आणि एकदाही सापडला नाही. पिचरचं लक्ष कधी उडतं हे त्याला कळतं. असा माणूस मला आकडेमोड करणाऱ्या संगणकापेक्षा जास्त आवडतो.

राहिला 2025 च्या वर्ल्ड सिरीजआधीच्या मालिकेतला टोरांटोविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना. आपल्याकडे 21 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाची सकाळ. फराळाचं ताट समोर, मॅरिनर्स सामन्यात 3-1 ने पुढे, वर्ल्ड सिरीज आठ आउट दूर. सातव्या इनिंगमध्ये वूने दोघांना बेसवर सोडलं, मॅनेजर डॅन विल्सनने पिचर बझार्डोला बोलावलं आणि टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने चेंडू प्रेक्षकांत धाडला. 4-3. आमचा सगळ्यात भरवशाचा क्लोजर, म्हणजे सामना संपवणारा पिचर, मुन्योझ फटका बसेपर्यंत बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, बसून राहिला. हातातली चकली मी बशीत परत ठेवली, ती संध्याकाळपर्यंत कुणी उचलली नाही. विल्सन चुकला असं मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

पण ‘अशी संधी पुन्हा येत नाही’ हे मात्र साफ खोटं. कॅन्सस सिटी 2014 ची वर्ल्ड सिरीज सातव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, 3-2 ने हरली. बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर उभी असताना शेवटचा आउट झाला. त्याआधी 1985 पासून त्यांनी प्लेऑफ पाहिलं नव्हतं. छोटं शहर, बेताचा खिसा, वर हा घाव. तेव्हाही लोक संधी गेली असंच म्हणत होते. पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, मेट्सना पाच सामन्यांत हरवून ते विजेते झाले. शिवाय आपल्याकडे बंगळूरूच्या चाहत्यांना वर्षानुवर्षं ‘ई साला कप नामदे’वरून चिडवणारे 2025 च्या जूनपासून कुठे आहेत?

म्हणून यंदाचं माझं मागणं अगदी नेमकं आहे. गिल्बर्ट आणि कर्बीचे खांदे-कोपर धड राहोत, विभाग पुन्हा आमच्याकडे येवो, आणि ऑक्टोबरमध्ये सातव्या इनिंगला दोघं बेसवर असतील तर मुन्योझला उठवा. हंगाम मार्चअखेरीला सुरू होतो. पहाटे उठायची वेळ आली तरी दुधवाल्याला मी आधीच सांगून ठेवलंय, पिशवी दाराला लावून जा, बेल वाजवू नकोस.