‘दुष्काळी सोलापूरला जवळचं अन्न परवडत नाही’ हे खरं नाही

सोलापुरात एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘जवळच्या शेतकऱ्याकडून घ्या म्हणणं हे पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचं खूळ आहे. सोलापूर दुष्काळी, इथे ऊस आणि डाळिंबाशिवाय पिकतंय काय? थेट विक्री कायद्यात बसत नाही, बसली तरी माल महाग पडतो. शेतकऱ्याला शेवटी मार्केट यार्डच तारतं.’ चांगली शिकलेली माणसंही मान डोलावून हे पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘पिकतंय काय?’ ज्वारी पिकते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरला परतीच्या पावसावर पेरलेली मालदांडी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चला काढणीला येते. बहुतेक रानात तिला पाटाचं पाणी लागतच नाही. या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. एम ३५-१ हे वाण स्थानिक मालदांडीतूनच मोहोळला निवडलं गेलं आणि आज दख्खनभर पेरलं जातं. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. ज्वारीच्या जोडीला तूर, हरभरा, करडई. बार्शीच्या डाळ मिल कुणाला सांगायला नकोत. भाकरी, डाळ आणि तेल, सोलापूरकराचं अर्धंअधिक ताट याच पिकांचं आहे. दुष्काळाचा मुद्दा काढायचाच असेल तर तो उसापुढे काढा. उसाला हंगामात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं आणि आपल्या जिल्ह्यात पाऊस पडतो पाचशे-साडेपाचशे. कमी पाण्यावर येणारं पीक खाणारं गिऱ्हाईक शहरातच मिळालं, तर ते पीक रानात टिकतं.

‘पैसेवाल्यांचं खूळ.’ हे वाचून मला खरोखर वाईट वाटतं. वर्षाची ज्वारी भरणं ही रीत विडी कामगारांच्या आणि गिरणी कामगारांच्या घरांतही होती. आजही अनेक घरांत मार्चनंतर पोती येतात. दाणा तळहातावर घेऊन बघायचा, दाताखाली फोडायचा, मोत्यासारखा पांढरा आणि टणक असेल तरच भाव बोलायचा. मग गच्चीवर दोन-तीन उन्हं द्यायची, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि कोठी भरायची. देणारा बहुधा ओळखीच्या गावचा, कुणाच्या तरी सासरचा किंवा मामाचा. यंदा दाणा बारीक का आला, हे तो स्वतःच सांगतो. शेत ते घर ही साखळी इथे आधीपासून आहे. ती ज्वारीपुरती राहिली, भाजी आणि डाळीपर्यंत नीट पोचली नाही, एवढंच.

कायद्याचं एका दमात सांगतो. राज्यात २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. शेतकरी शहरात येऊन थेट विकू शकतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या शेतकरी आठवडे बाजारांना सरकारने नाव दिलं संत सावता माळी यांचं. त्यांचं अरण आपल्याच माढा तालुक्यात आहे.

आता ‘मार्केट यार्डच तारतं.’ फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या यार्डात ५१२ किलो कांदा आणला. भाव लागला किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या पावतीवर, उरले २ रुपये ४९ पैसे आणि हातात आला २ रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. देशभर बातमी झाली. माल हलका होता, असं व्यापाऱ्याचं म्हणणं होतं. ते खरं धरलं तरी गाडीभाडं आणि हमाली वजनावर पडते, भावावर नाही. कांदा ३० रुपयांनी जावो की १ रुपयाने, पोतं उचलायला तेवढेच पैसे लागतात. त्यामुळे भाव पडला की सगळा फटका एकट्या शेतकऱ्याला बसतो. आणि त्या आठवड्यात मंडईत गिऱ्हाईकाला कांदा रुपया किलोने मिळत नव्हता.

यार्ड बंद करा, असं मी म्हणत नाही. सोलापूरचा कांदा बाजार राज्यातल्या मोठ्या बाजारांत मोडतो आणि एवढा कांदा एका शहराला खपणार नाही. सांगोल्याचं डाळिंब आणि करमाळ्याची केळी बाहेर गेलीच पाहिजेत. शिवाय आडत्या, म्हणजे यार्डात माल विकून देणारा दलाल, अडीनडीला उचल देतो, तीही बी-बियाण्याच्या वेळी. त्या उचलीपायी शेतकरी बांधला जातो हे खरं, पण ती वेळेवर मिळते हेही खरं. जवळच्या बाजाराची बाजू घेणारे लोक ही गोष्ट टाळतात, आणि म्हणूनच त्यांचे आठवडे बाजार चार महिन्यांत सुने पडतात. सगळा माल एकाच लिलावावर टांगलेला नसावा, दहा पोत्यांतल्या तीन पोत्यांना ठरलेलं गिऱ्हाईक असावं, माझं म्हणणं इतकंच आहे.

महागाईचं? कधी महाग पडतं, कधी स्वस्त. मेथी-कोथिंबीर हंगामात थेट घेतली तर स्वस्तच मिळते. मे महिन्यात पालेभाजी इथे कमी असते, तेव्हा बाहेरची खावी लागते, त्यात कमीपणा काही नाही. आपल्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायला हवं. जवळचा माल म्हणजे आपोआप बिनफवारणीचा नसतो. आणि वाहतूक वाचली की पर्यावरण वाचलं, हेही फार ताणू नये. अन्नामुळे होणाऱ्या प्रदूषणात वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांत थोडाच असतो, मोठा भाग शेतातच होतो. आपला मुद्दा शेतकऱ्याच्या हातात पैसा राहण्याचा आणि पाण्याचा आहे, तोच धरावा.

थेट विक्रीचं हे जाळं घराघरांतल्या पाव किलो भाजीवर उभं राहणार नाही. त्याला रोजचं, ठरलेल्या मापाचं गिऱ्हाईक लागतं, आणि सोलापुरात ते आहे. भाकरीच्या खानावळी आहेत, कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकणारे बचत गट आहेत, वसतिगृहं आणि मेस आहेत. एका मेसला वर्षाला किती क्विंटल ज्वारी आणि तूरडाळ लागते, हे चालवणाऱ्याला तोंडपाठ असतं. ते त्याने पेरणीआधी दोन-तीन गावांतल्या शेतकऱ्यांना सांगावं. भावाची खालची आणि वरची मर्यादा, पोतं कोण आणणार, दाणा काळा पडला तर नुकसान कुणाचं, हे कागदावर घ्यावं आणि थोडी रक्कम आधी द्यावी. ती रक्कम पेरणीच्या वेळी हातात पडली, की आडत्याच्या उचलीवाचून शेतकऱ्याची तिफण रानात जाते.