कोणी फिरकणार नाही असं बेघर दिवस-केंद्र कसं उभारावं?

बेघरांसाठी दिवसाचं केंद्र, म्हणजे अंघोळ करायची, कपडे धुवायची, सामान ठेवायची जागा, उभारायची फाइल तुमच्या टेबलावर आली असेल, तर घाबरू नका. दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि बारमाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच बजावलं आहे. मुंबईच्या सव्वा कोटीला हा आकडा १२५च्या घरात जातो. तेवढे उभे राहिले नाहीत म्हणून कोणाची बढती अडकल्याचं ऐकिवात नाही.

आधी सर्वेक्षण. २०११च्या जनगणनेने बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री केली आणि एकट्या मुंबईत ५७ हजारांवर माणसं निघाली. रात्री मोजलं की असं होतं. तुम्ही भर दुपारी बाराला माणसं पाठवा. पुलाखाली झोपणारा तेव्हा नाक्यावरून बिगारी कामाला गेलेला असतो, मंडईत हमाली करत असतो किंवा भंगार वेचत असतो. मागे राहतात ती बोचकी, आणि बोचक्यांसाठी प्रपत्रात रकाना नसतो. त्यातूनही कोणी सापडलाच, तर मूळ गाव विचारा आणि ‘स्थलांतरित’ लिहून मोकळे व्हा.

जागा निवडताना स्टेशन, एसटी स्टँड, मंडई आणि सरकारी रुग्णालय यांपासून चार हात, म्हणजे किमान पाच किलोमीटर, लांब राहा. शहरी बेघरांच्या योजनेत निवारा त्यांच्या वस्तीजवळ आणि कामाजवळ असावा असं लिहिलंय खरं. पण कचरा डेपोशेजारचा भूखंड पालिकेचा स्वतःचा असतो आणि तिथे हरकत घ्यायला सोसायट्या नसतात. अंघोळीला जाण्या-येण्याचं बसभाडं पडू लागलं की निम्मी गर्दी तिथेच गळते.

उरलेली निम्मी न्हाणीघरात गाळता येते. नाक्यावर आठच्या आत उभं राहिलं नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणजे १०० जणांची अंघोळ सहा ते आठमध्ये उरकायला हवी. माणशी दहा मिनिटं धरली तर एका न्हाणीघरात दोन तासांत बाराच जण होतात. हिशेबाने आठ-नऊ न्हाणीघरं लागतात. तुम्ही दोन बांधा. अंघोळ आणि एक जोड कपडे धुवायला माणशी ४० लिटर म्हटलं तरी चार हजार लिटर पाणी हवं, संडासाचं वेगळं. टाकी हजार लिटरची बसवा, पंचविसाव्या माणसाला कोरडी पडते. पुढे साबण लावलेल्या माणसाची आणि रखवालदाराची जी जुंपते, तिचा अहवाल ‘लाभार्थींचे असहकार्य’ या मथळ्याखाली लिहावा. आणि एवढं करूनही धोका वाटत असेल, तर केंद्राची वेळ सरळ सकाळी दहा ते पाच ठेवा. जेवणाची सुट्टी एक ते दोन, शनिवार-रविवार बंद.

धुतलेले कपडे वाळत घालायला छपराखालची दोरी हवी असते, आणि ते वाळेपर्यंत नेसायला एखादी लुंगी किंवा गाऊन, कारण पुष्कळांकडे दुसरा जोडच नसतो. अंदाजपत्रकात दोरी-लुंगी शोधून सापडत नाही. प्रवेशद्वाराची कमान सापडते.

लॉकर मात्र घ्याच, फोटोत छान दिसतात. ऑफिसातले पत्र्याचे, फूटभर उंचीचे घ्या. अंथरूण, पातेली आणि स्टोव्ह असलेलं बोचकं त्यात जन्मात जायचं नाही. मग बोचकं राखायला घरातलं एक माणूस दिवसभर फूटपाथवरच बसतं, नाहीतर अतिक्रमणवाल्यांची गाडी ते उचलते आणि त्याबरोबर औषधं, रेशनकार्डही जातं. मोबाइल चार्जिंगचा एकच बोर्ड दारापाशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लावा. लॉकरच्या आत प्लग दिला तर फोन चोरीला जाणार नाहीत आणि लोक रोज येऊ लागतील.

दारावर आधार मागा. ज्याला पत्ता नाही त्याचं आधार कुठून येणार, असा प्रश्न एखादी आगाऊ समाजसेविका विचारेल. निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला पत्त्यासाठी चालतो, हेही तिला ठाऊक असेल. तिच्या संस्थेला चालवायला देण्याची वेळ येऊ नये, म्हणून निविदेत तीन वर्षांच्या कोटीभर उलाढालीची अट टाका. बेघरांबरोबर पंधरा-वीस वर्षं काम केलेल्यांची उलाढाल तेवढी नसते. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या ठेकेदाराची असते.

उद्घाटनानंतर हजेरीपट नीट ठेवा, तेवढ्यात कुचराई नको. सहा महिने रोज तीन-चार सह्या दिसल्या की ‘प्रतिसादाअभावी’ हा शेरा मारून प्रकरण नस्तीबद्ध करता येतं आणि इमारत प्रभाग कार्यालयाच्या ताब्यात येते. फक्त लॉकर भंगारात काढू नका. मालमत्ता कराच्या फायली त्यात अगदी मापात बसतात.