चौदा आणे की सोळा आणे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

परिपूर्ण असे जगात कुठेच काही नसते, या माझ्या विधानावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. गणितातले वर्तुळ परिपूर्णच असते, तेव्हा माझे विधान मुळातच चूक आहे. आपल्या देवगडच्या बागेतला हापूस ज्याने खाल्ला आहे, तो असे काही लिहिणार नाही. आणि ‘परिपूर्णता नसतेच’ हा कामचुकार माणसाने शोधलेला आडोसा आहे. तिसरा आक्षेप जरा लागला, म्हणून तो शेवटी घेतो.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. केंद्रापासून प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर, अशी व्याख्या एकदा केली की त्या वर्तुळात खोट राहायला जागाच उरत नाही. ६ या संख्येचे स्वतःखेरीजचे विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. अशा संख्यांना गणितात ‘परिपूर्ण संख्या’ असेच म्हणतात आणि ६ च्या पुढची तशी संख्या २८ आहे. ‘कुठेच’ हा शब्द मी घाईने लिहिला. मात्र ही परिपूर्णता व्याख्येने दिलेली आहे, आणि हाच धागा पुढे न्यावा असे मला वाटते, कारण वस्तूंच्या जगातही एक वस्तू अशीच, केवळ व्याख्येच्या बळावर, परिपूर्ण होती.

पॅरिसजवळच्या सेव्र येथे प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल ठेवलेला आहे. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे त्या दंडगोलाचे वस्तुमान, असे ठरलेले होते. तो एक किलोग्रॅमहून कणभर कमी किंवा जास्त असूच शकत नव्हता, कारण तो जितका असेल तितकाच किलोग्रॅम! पुढे शंभर वर्षांनी त्याच्या अधिकृत प्रती त्याच्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यात आणि त्याच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचा फरक आढळला. प्रती जड झाल्या की मूळ हलका झाला, हे सांगण्याची सोय नव्हती. नियमाप्रमाणे मूळ निर्दोष आणि चुकल्या त्या प्रती. २० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, बेतण्यात आली आणि त्या दिवसापासून त्याच दंडगोलाच्या वस्तुमानाला १० मायक्रोग्रॅमची अनिश्चितता चिकटली. धातूला रात्रीतून काहीही झाले नव्हते. माप बदलले आणि त्याची परिपूर्णता गेली.

आता आपला हापूस. त्याच्या चवीविषयी मी वाद घालणार नाही. रत्नागिरीत राहून देवगडशी तो वाद घालणे धोक्याचे आहे. परंतु गेल्या वैशाखात पाहुण्यांसमोर मी जो आंबा चिरला, त्याची हकिगत सांगतो. पेटी एका ओळखीच्या बागायतदाराकडची होती. साल केशरी, डाग नाही, सुरकुती नाही, देठाशी वास दरवळणारा. सुरी कोयीपर्यंत नेऊन फोड वेगळी केली, तर कोयीभोवती गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट. साका. आपल्याला तो नवा नाही. बाहेरून त्याची एकही खूण दिसत नाही, आणि दिसायला जितका देखणा तितका कापताना जीव धाकधूक करतो, असे हे फळ आहे.

साका कशाने होतो? संशोधकांनी त्याचा संबंध कोयीशी जोडून दाखवला आहे: फळ झाडावर असतानाच आतले बी रुजण्याच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गरावर त्याचा परिणाम होतो. हे वाचल्यापासून मला तो नासका आंबा वेगळा दिसू लागला. आंब्याच्या झाडाने फळ धरले ते आमरसासाठी नव्हे, कोय रुजावी म्हणून. त्या मापाने पाहिले तर माझ्या ताटातला साका पडलेला आंबा आपल्या कामात पुढे गेलेला होता आणि खाणाऱ्याच्या मापाने तो टाकाऊ ठरला. दोन्ही निकाल एकाच फळाविषयी, एकाच वेळी खरे आहेत.

म्हणूनच कोकणात हापूस सोळा आणे तयार होईपर्यंत झाडावर ठेवत नाहीत, चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधी, काढतात. उशीर केला की साक्याचे प्रमाण वाढते. आपण ‘सोळा आणे परिपूर्ण’ असे लिहिले आहे. आपल्या बागेतही काढणी चौदा आण्यांचीच असणार, अशी माझी खात्री आहे. पुढचे दोन आणे आढीतला पेंढा भरून काढतो.

शिवाय परिपूर्ण म्हणजे दोषरहित असे मानले, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ने हापूसची जागा घ्यायला हवी होती, कारण तिच्यात साका होत नाही. तसे झाले नाही. लोक आजही साक्याची जोखीम पत्करून हापूसच मागतात, मीही मागतो.

राहिला आडोशाचा मुद्दा. चौदा आण्यांवर आंबा काढणारा गडी आळशी आहे, असे आपण म्हणणार नाही. फळाचे खांदे देठाच्या वर आले आहेत का, देठापाशी किंचित खळगा पडला आहे का, गर्द हिरवा रंग फिकटला आहे का, हे तो खालून, उन्हात डोळे बारीक करून पाहतो. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, फळ उतरवताना देठाचा तुकडा राखतो, कारण चीक सालीवर ओघळला की डाग पडतो. बारा आण्यांचा आंबा त्याने उतरवला तर आपणच त्याला बोल लावाल. ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याला बारा आणि चौदा यांतला फरक दिसत नाही. या गड्याला तो वीस हात उंचीवरच्या फळातही दिसतो. परिपूर्णता कोणाच्या मापाने, हे विचारणारा माणूस मापातून सुटका मागत नसतो. अर्थात हा प्रश्न आडोसा म्हणून वापरणारे मीही पाहिले आहेत, आणि माझ्या लेखातला सूर त्यांच्या सोयीचा झाला असेल, तर तेवढा दोष माझा.

मूळ लेखातील ‘कुठेच’ हा शब्द मी काढला आहे आणि तेथे ‘कोणाच्या मापाने, हे सांगितल्याखेरीज’ असे घातले आहे. एक मात्र आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. घरच्या खाण्यासाठी आपण काही फळे पाड लागेपर्यंत, म्हणजे झाडावरच पिकू लागेपर्यंत, ठेवता का, आणि ठेवत असाल तर त्यांतल्या किती साक्याने जातात?