फुप्फुसातली गाठ म्हणजे जुनाच कॅन्सर? खुलासा

नाशिकरोड-सिडकोच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘आधी कॅन्सर झालेल्याच्या फुप्फुसात गाठ दिसली की तो पसरलाच. बायोप्सी करू नका, सुईने आणखी पसरतो.’

हे सरसकट खरं नाही. गाठ टीबीचीही असू शकते, किंवा कार्सिनॉइडसारखा वेगळाच, दुर्मीळ कॅन्सर. कार्सिनॉइड पेट स्कॅनमध्ये (शरीरात कॅन्सर शोधणारा PET स्कॅन) कधीकधी फिका दिसतो, म्हणून गाठीचा तुकडा काढून तपासावाच लागतो, म्हणजेच बायोप्सी. त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली खास प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी, करतात: स्तनाच्या कॅन्सरमध्ये बहुधा गाटा-३ हे प्रथिन दिसतं, फुप्फुसाच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये टीटीएफ-१. जुन्या ऑपरेशनचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) सोबत तपासले तर निदान आणखी पक्कं होतं. ते लॅबमधून जरूर मागून घ्या, हेच राहून जातं. सुईने कॅन्सर पसरणं अत्यंत विरळ. उलट लवकर सापडलेला कार्सिनॉइड अनेकदा ऑपरेशननेच बरा होतो.