म्होरक्या टिपला, मग?

महाराष्ट्रात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच सूर लागतो: कोर्टकचेऱ्या कशाला, म्होरक्यांना उडवा. २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीतला कारखाना उघडकीस आला तेव्हाही हेच. डोळ्यांदेखत पोरं वाया जाताना पाहणाऱ्यांचा संताप मला समजतो. पण मी राहते मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात, आणि इथे हा उपाय २००६ पासून चालू आहे.

त्या डिसेंबरात अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मिचोआकान राज्यात अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवलं. मग एकेक बडी आसामी पकडली किंवा मारली गेली आणि टोळ्या संपण्याऐवजी फुटत गेल्या. २००८ मध्ये सिनालोआ कार्टेल या बड्या टोळीतला आल्फ्रेदो बेल्त्रान लेय्वा सापडला. टीप त्याच टोळीचा म्होरक्या चापो गुस्माननेच दिली, असा त्याच्या भावांना संशय. कालचे भागीदार एकमेकांच्या जिवावर उठले आणि भावांनी हात मिळवला तो जुन्या वैऱ्यांशी, सेतासशी. हे सेतास म्हणजे सैन्यातून पळालेल्या कमांडोंना घेऊन गल्फ कार्टेल या दुसऱ्या टोळीने उभी केलेली फौज. २०१० मध्ये ती मालकावर उलटली, तेव्हा गल्फने सिनालोआशी संधान बांधलं. त्याच वर्षी आमच्या शहराला लागून असलेल्या सापोपानमध्ये सैन्याने सिनालोआच्या नाचो कोरोनेलला मारलं. त्याच्यामागे इलाका कोणाचा, या झगड्यातूनच आजचं हालिस्को कार्टेल वर आलं. इलाका हातात म्हणजे मालाचा रस्ता, पोलिसांशी लागेबांधे आणि दुकानदारापासून बागायतदारापर्यंत सगळ्यांकडून खंडणी. ती गादी रिकामी राहत नाही. दाऊद आणि छोटा राजन फुटल्यावर मुंबईने याची चुणूक पाहिलेली आहे.

जुलै २०२४ मध्ये सिनालोआचा दुसरा म्होरक्या एल मायो साम्बादा अमेरिकेत पकडला गेला. चापोच्या मुलाने आपल्याला दगा देऊन विमानात कोंबलं, असा त्याचा आरोप. सप्टेंबरात सिनालोआची राजधानी कुलियाकानमध्ये चापो आणि मायो या दोन्ही घराण्यांची लढाई पेटली. माझ्या ऑफिसातल्या एकीचं माहेर तिथलं. शाळा बंद, दिवेलागणीच्या आत दुकानांची शटरं खाली. आईचा आवाज ऐकल्याशिवाय ती कामाला हात लावायची नाही. रस्त्यावरच्या प्रेतांजवळ कुठे मोठी टोपी, कुठे पिझ्झा ठेवलेला असायचा. या दोन गटांच्या खुणा.

इथल्या निन्योस एरोएस चौकाला लोक आता बेपत्तांचा चौक म्हणतात. स्मारकाभोवती फोटोच फोटो: वय, उंची, गोंदण कुठे, शेवटचं कुठे दिसला. त्यात कोवळी पोरं किती! देशभरात बेपत्तांची नोंद लाखाच्या वर गेली आहे. नोकरीची खोटी जाहिरात, शहराला लागूनच्या त्लाकेपाकेच्या बसस्थानकावर बोलावणं, आणि पुढे पोराचा पत्ता नाही, असं इथे घडलेलं आहे. 'सायन्स' नियतकालिकातल्या २०२३ च्या अभ्यासानुसार टोळ्यांना टिकून राहायला आठवड्याला किमान ३५० नवी माणसं लागतात, आणि हिंसा कमी करायची तर ही भरतीच अडवायला हवी.

म्हणून ग्रुपवरच्या माझ्या माणसांना मी कळकळीने सांगते, आरोपी जिवंत राहू द्या आणि खटला नेटाने चालवायला लावा. रसायनं कोणी पुरवली, शेड कोणी दिली, हप्ता कोणाच्या खिशात गेला, हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं आहे. आणि आपल्या तालुक्यातली कोणती पोरं कामाविना बसून आहेत, याची चौकशी टोळीच्या आधी आपण करायला हवी.